सात मैल, तीन फर्लांग

घाटी संपली की गाडी चौथ्यात पडते
आणि एकदम काहीच नसतं.
नुसता सडा. काळा, सपाट, उताणा पडलेला.
झाड म्हणावं तर गुडघ्याएवढं करवंद,
आवाज म्हणावा तर टिटवीचा.
मधून रस्ता, ओळंब्याला धरल्यासारखा सरळ,
फक्त सात मैल तीन फर्लांगावर
उगाच डावीकडे जातो, चाळीस पावलं,
आणि परत आपल्या ओळीत येतो.

ड्रायव्हर शिव्या घालतात त्या वळणाला.
ना विहीर, ना देऊळ, ना कबर.
कोणा गोऱ्या सायबाने झिंगून साखळी ओढली म्हणे.

माझे वडील इथले मैलकुली.
पगारपत्रकावर भिवा रवळू घाडी.
सहा ते नऊ मैल त्यांच्या ताब्यात:
एक फावडं, एक घमेलं, खाकी टोपी.
सरकारने मैल मोडीत काढले होते,
वडिलांनी नाही.
मी जेवण घेऊन जायची. भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी.
मोरीत उतरून पाला काढताना ते म्हणायचे,
"पाण्याक वाट दी गो, रस्तो आपसूक रवता."

डांबराच्या आधी इथे खडी होती,
खडीच्या आधी नुसती वाट.
खारवणी सुकटीच्या पाट्या घेऊन
चांदणीलाच सडा चढायच्या,
ऊन तापायच्या आत पलीकडे उतरायचं म्हणून.
खतीजाबी कासारीण बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन यायची;
पेटी किणकिणली की गुराखी पोरं वाट सोडायची.
त्याही आधी लमाणांचे बैल,
वर मीठ, खाली येताना गूळ.
त्यांच्या खुरांनी जांभ्यात पन्हळ पडलीय,
अजून दिसते, हात घातला तर मनगटापर्यंत जातो.
तीही तिथेच वळते.
डावीकडे. चाळीस पावलं.

एका भादव्यात वडिलांनी मला हाक मारली.
कातळाच्या खळग्यांत सीतेची आसवं फुललेली,
निळी, खिळ्याच्या माथ्याएवढी.
त्यांनी हिराच्या झाडूने माती सारली,
डब्यातलं पाणी ओतलं,
आणि दगडातून मासा वर आला.
दोन पुरुष लांब. पोटात रेघा, रेघांत आणखी एक मासा.
शेपूट गवतात कुठेतरी.

"कोणी काढल्यान हो?"
"माका काय म्हायत. होतो."
बराच वेळ उकिडवे बसून राहिले.
मग फावड्याने माती परत ओढली,
पाय देऊन चोपली.
"कोणाक सांगू नको. लोक नारळ फोडूक येतले,
मगे कमिटी, मगे पावती-बुक."

बैलांना कोणी सांगितलं होतं?
पहिला कोणीतरी बाजूने गेला असेल,
दुसरा पहिल्याच्या मागून,
आणि तिसऱ्याच्या वेळी माती पडून गेली असेल.
एवढंच.

आता मी उपविभागात अंदाजपत्रकं करते.
माझ्या टेबलावर फाइल आहे:
साखळी क्रमांक ११/८७०, धोकादायक वळण सरळ करणे.
कपाटातून जुनं रजिस्टर काढलं,
कसर लागलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली.
बोरूच्या वळणदार अक्षरात कोणी लिहिलंय:
पूर्वीच्या वाटेस अनुसरून वळण ठेविले.
कारण, कातळ कठीण.

कातळ इथे कुठे मऊ आहे?
तोच जांभा, हाताला तसाच खरखरीत,
पन्नास पावलांवर चिरेखाण त्याला लोण्यासारखा कापतेय.

काल मी टेप घेऊन सड्यावर गेले.
एकची एसटी आली, वळली,
कंडक्टरने खिडकीतून हात केला.
नंतर पुन्हा काहीच नाही.
रकान्यात मी लिहिलं: कातळ कठीण.
सायबांनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह केलंय.

सोमवारी ते स्वतः बघायला येणार आहेत.
रविवारी मला एकदा वर जाऊन यायला हवं,
फावडं घेऊन.
गेल्या पावसात तिथली माती बरीच वाहून गेलीय.